धान्यापासून इंधन: घातलेली ऊर्जा तरी परत मिळते का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते. मोठ्या वर्गातल्या काही मुलांनी प्रकल्पासाठी ‘मक्यापासून इथेनॉल’ हा विषय घेतला. त्यांनी जमवलेले आकडे वाचून मीच चक्रावले आहे. एका शोधनिबंधात म्हटलंय की इथेनॉलमधून जेवढी ऊर्जा मिळते त्याहून जास्त जीवाश्म ऊर्जा ते बनवण्यात जळते. दुसरा अहवाल सांगतो की घातलेल्याच्या सव्वापट-दीडपट परत येते, आणि अलीकडचे काही तर दुप्पट म्हणतात. दोन्हीकडची मंडळी नावाजलेली, आकडेमोड दोन्हीकडे व्यवस्थित. मग मुलांनी लिहायचं काय?

मला मुळात हे समजून घ्यायचंय की ऊर्जा नेमकी जाते कुठे. ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये? खतात? कारखान्यात? आणि हाच हिशेब उसाच्या इथेनॉलला इतका चांगला का दिसतो? मुलांना शाळेत स्वतः मोजून बघता येईल असं काही सुचलं तर तेही सांगा.

सांजसूर

माझ्या समजुतीप्रमाणे खरी गळती यीस्टपाशी आहे. साखर आंबली की तिचं जवळजवळ निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. निम्मा मालच उडून गेल्यावर ऊर्जेचा हिशेब जुळणार कसा?

शिफ्टइनचार्ज

सांजसूर, वजनाचं तुमचं गणित बरोबर आहे, ऊर्जेचं मात्र तसं नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. आता ते १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळलं तर सुमारे २८०० किलोज्यूल उष्णता निघते, आणि त्यातून मिळालेलं ९२ ग्रॅम इथेनॉल जाळलं तर सुमारे २७३०. म्हणजे कागदावर तरी ९७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा इथेनॉलमध्ये शाबूत राहते. जो कार्बन डायऑक्साइड उडून गेला तो आधीच जळून झालेला माल आहे, त्यात जाळण्यासारखं काही उरलेलं नसतं. यीस्ट या साखळीतला सगळ्यात काटकसरी कामगार आहे, त्याला बोल लावू नका.

पायवाट, ‘जाते कुठे’ हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण माझी नोकरी त्यातच गेली. धान्याच्या डिस्टिलरीत बॉयलर, इव्हॅपोरेटर आणि ड्रायर या बाजूला मी बरीच वर्षं काढली. बाहेरच्या लोकांना वाटतं की डिस्टिलरी म्हणजे आंबवण्याच्या टाक्या. आमच्याकडे रात्रपाळीला नजर असायची ती वाफेच्या फ्लोमीटरवर. माझं ठाम मत असं की धान्याच्या इथेनॉलचा ऊर्जेचा प्रश्न हा पहिल्यांदा पाण्याचा प्रश्न आहे आणि त्याखालोखाल नत्राचा. ट्रॅक्टर फार मागे राहतो.

पाणी कसं, ते सांगतो. दाणा दळून त्यात जवळजवळ दुप्पट पाणी घालायचं, गरम करून एन्झाइमने स्टार्च मोकळा करायचा आणि मग यीस्ट सोडायचं. दोन-अडीच दिवसांनी जो वॉश तयार होतो त्यात इथेनॉल असतं बारा ते चौदा टक्के, बाकी बहुतेक पाणीच. ते डिस्टिलेशन कॉलममधून वर चढवायला वाफ लागते. शंभर टक्क्यांपर्यंत नुसतं उकळून जाताच येत नाही, वजनाने ९५.६ टक्क्यांवर इथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळू लागतात. पुढचं पाणी काढायला झिओलाइटचे (पाणी शोषून घेणाऱ्या खनिजाचे) दाणे भरलेले मॉलिक्युलर सीव्ह. इथवरचं सगळीकडे छापलेलं असतं.

छापलेलं नसतं ते कॉलमच्या तळाचं. दर लिटर इथेनॉलमागे पाच-सहा लिटर स्पेंट वॉश खाली उतरतो. पातळ, तपकिरी, गरम आणि त्यात दाण्याचं सगळं प्रोटीन, तेल, कोंडा. तो डिकँटरमधून फिरवला की एका बाजूने ओला केक पडतो आणि दुसऱ्या बाजूने थिन स्लॉप वाहतो. थिन स्लॉपचा काही भाग पुन्हा दळलेल्या धान्यात जातो. उरलेला इव्हॅपोरेटरमध्ये आटवून सिरप करायचा, तो केकवर ओतायचा आणि सगळं ड्रायरमध्ये घालायचं. बाहेर पडतो तो सोनेरी भरड चुरा म्हणजे डीडीजीएस, जनावरांचं खाद्य. टनभर मक्यातून साधारण तीनशे किलोच्या वर.

आमचा ड्रायर कधी दुरुस्तीला बंद असला की ओला केक तसाच गाड्यांत भरून जवळच्या गोठ्यांना द्यायचो. त्या पाळीत इंधनाचा आकडा असा खाली यायचा की नव्या माणसाला वाटावं मीटर बिघडलाय. कारखान्याच्या एकूण उष्णतेतला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भाग एकट्या त्या सुकवणीत जातो. मग रोजच ओला का देत नाहीत? कारण दोन-चार दिवसांत तो आंबून वास मारू लागतो आणि त्यातला दोन तृतीयांश भाग पाणी असल्यामुळे लांब नेणं परवडत नाही. गोठे जवळ असतील तर गोष्ट वेगळी.

आता सगळा जमाखर्च एका हेक्टरवर मांडतो. आकडे गोल केलेत, भरघोस पिकणाऱ्या खत घातलेल्या मक्याचे आहेत. उत्पादन १० टन. टनाला ४०० लिटरप्रमाणे ४००० लिटर इथेनॉल. लिटरला २१ मेगाज्यूल (पेट्रोलमध्ये ३२ असतात, हे मुलांना आवर्जून सांगा), म्हणजे जमेला ८४ गिगाज्यूल.

खर्चाच्या बाजूला नत्र १६० किलो. युरियाच्या रूपात किलोमागे पन्नासेक मेगाज्यूल धरले तर ८ गिगाज्यूल. नांगरणीपासून कापणी-मळणीपर्यंत डिझेल ८० लिटर, म्हणजे ३. दाणा २५ टक्के ओलाव्यावरून १५ टक्क्यांवर आणायचा असेल तर टनामागे सव्वाशे किलोच्या आतबाहेर पाणी उडवावं लागतं, त्याचे ५. बियाणं, स्फुरद, पालाश, औषधं, यंत्रं मिळून ३. वाहतूक २. शेतापासून कारखान्याच्या दारापर्यंत हे झाले २१.

आणि कारखाना एकटा? चांगल्या, नव्या धाटणीच्या कारखान्यात लिटरमागे सात-साडेसात मेगाज्यूल इंधन वाफेला आणि ०.२ युनिट वीज. वीज बनवताना औष्णिक केंद्रात जे जातं तेही मोजलं तर लिटरला ९.७ च्या आसपास. चार हजार लिटरला ३९ गिगाज्यूल.

एकूण खर्च ६०, जमा ८४. गुणोत्तर १.४.

तिफण

शिफ्टइनचार्ज, हिशेब पटला. पण तुम्ही पाऊस पुरेसा पडतो असं धरून चाललात. उपसा सिंचन असेल तर?

मी स्वतः मका आणि गहू करतो. नत्राचं म्हणाल तर शेतात दिसणारा खर्च म्हणजे पोत्याचं वजन, त्यामागची ऊर्जा आमच्या डोळ्यांपुढे येतच नाही. आणि धाटांचं काय? दाण्याइतकंच वजन शेतात उभं असतं. ते बॉयलरला घातलं तर कारखान्याचा गॅस-कोळसा वाचेल ना?

शिफ्टइनचार्ज

तिफण, सिंचनाचं बोललात ते लाखमोलाचं. करून बघू. हंगामात ३०० मिलिमीटर पाणी, म्हणजे हेक्टरी ३००० घनमीटर. शंभर मीटर खोलीवरून उचलायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं काम २.९ गिगाज्यूल होतं. पंप, मोटर आणि पाइप मिळून निम्मी कार्यक्षमता धरली तर विजेच्या मीटरवर ६. ती वीज कोळशातून आली असेल तर खाणीतून निघालेली ऊर्जा १८ च्या घरात. वर आपल्या हातात २४ उरले होते, त्यातले १८ गेले. खोल विहिरीच्या पाण्यावर धान्य पिकवून त्याचं इंधन करणं मला कधीच पटलं नाही, त्याचं कारण हे. पाणी दहा मीटरवर असेल तर हाच खर्च दशांश होतो, म्हणून ‘मक्याच्या इथेनॉलचं गुणोत्तर किती’ हा प्रश्न जागा सांगितल्याशिवाय विचारूच नये.

नत्राबद्दल. हवेतला नायट्रोजन तोडून अमोनिया करायची हाबर-बॉश पद्धत १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली. शंभर वर्षांत ती खूप सुधारली, तरी आजच्या उत्तम कारखान्यालाही टनभर अमोनियाला २८-३० गिगाज्यूल लागतात आणि हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतूनच येतो. धान्याच्या इथेनॉलमधली बरीचशी ‘सौर’ ऊर्जा अशी मागच्या दाराने वायूतून आलेली असते. शिवाय शेतात घातलेल्या नत्रातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात निसटतो असं आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) धरते. एक टक्का ऐकायला काहीच नाही, पण हा वायू शंभर वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. १६० किलो नत्रामागे सातशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. वातावरणाचे रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की ओढ्यानाल्यांतून पुढे जाणाराही धरला तर ३ ते ५ टक्के होतात. ऊर्जेच्या गुणोत्तरात यातलं काहीही दिसत नाही.

धाटांचं तुमचं गणित अगदी जुळतं. आपल्या हेक्टरमधली वाळलेली धाटं आठ टनांच्या आसपास, टनाला सोळा गिगाज्यूल. त्यातली तीन टन जरी आणली तरी कारखान्याला लागणाऱ्या बहुतेक सगळ्या वाफेची सोय होते. उसाचं यश ते हेच. ऊस गाळला की चिपाड कारखान्याच्या दारातच पडलेलं असतं, ते गोळा करायला वेगळी फेरी नाही, आणि त्यावर वाफ तर होतेच, वीजही उरते. शिवाय उसात साखर तयार असते, स्टार्च फोडायचं काम नाही, सुकवायला डीडीजीएस नाही. ब्राझीलच्या उसाच्या इथेनॉलला जीवाश्म ऊर्जेच्या आठपट परतावा सांगतात तो या चिपाडाच्या जोरावर.

मक्याची धाटं मात्र शेतभर पसरलेली. गोळा करा, गठ्ठे बांधा, पावसापासून जपा. काडात पोटॅश आणि क्लोरीन जास्त, त्याची राख भट्टीत लवकर वितळून नळ्यांना चिकटते. आमच्याकडे काडाचं मिश्रण जाळून पाहिलं होतं. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर काचेसारखा थर बसला, तो हातोडीने फोडून काढावा लागला. यावर खास बॉयलर मिळतात, डेन्मार्कमध्ये काडावर वीजकेंद्रं चालली आहेत. पण जमिनीचं काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. सगळं काड उचललं तर सेंद्रिय कर्ब कुठून यायचा?

तिफण

निम्म्याच्या वर उचलू नये असं माझंही मत. उताराच्या रानात तर तेवढंही नको, पहिल्या जोरदार पावसात माती वाहून जाते.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे १.४ हे उत्तर धरायचं का? मग ‘उणे’ म्हणणारे आणि ‘दुप्पट’ म्हणणारे, दोघंही चुकतात?

शिफ्टइनचार्ज

१.४ हे माझ्या गृहीतकांचं उत्तर आहे. दोघं कुठे वेगळे पडतात ते बघा. कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटल आणि बर्कली विद्यापीठाचे टॅड पॅट्झेक यांनी २००५ मध्ये २९ टक्के जास्त जीवाश्म ऊर्जा लागते असं मांडलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २००२ च्या अहवालात उत्तर होतं १.३४. पुढे जानेवारी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फॅरेल आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यास एकाच मापावर आणून तपासले. त्यांना दिसलं की उणे उत्तरांमध्ये डीडीजीएसचं श्रेय दिलेलं नाही आणि काही आकडे कालबाह्य आहेत.

हे श्रेय म्हणजे काय, ते मुलांना नीट समजावा. डीडीजीएस गुरांना घातलं की तेवढं दुसरं खाद्य पिकवायचं वाचतं. त्या वाचलेल्या खाद्याची ऊर्जा इथेनॉलच्या खर्चातून वजा करायची. माझ्या हिशेबात लिटरला चार मेगाज्यूल वजा केले तर खर्च ६० वरून ४४ वर येतो आणि गुणोत्तर १.९ होतं. शेत तेच, कारखाना तोच, वाफ तेवढीच जळाली. मला हे श्रेय देणं योग्य वाटतं, गुरं ते खरंच खातात. पण ते दिलंय की नाही हे न सांगता आकडा पुढे करणं योग्य नाही.

आणि गुणोत्तरापेक्षा निव्वळ उरलेलं बघायला शिकवा, माझी ही कळकळीची विनंती. १.४ म्हणजे ४० टक्के नफा असं वाटतं. प्रत्यक्षात ८४ मधले २४ उरतात. एक लिटर खरोखर नवं इंधन मिळवायचं तर साडेतीन लिटर बनवावं लागतं, उरलेलं अडीच स्वतःचाच खर्च भागवतं. गुणोत्तर २ झालं की दोन लिटरमागे एक उरतं. ८ झालं की एक लिटर मिळवायला १.१५ लिटरही पुरतं. जमीन किती लागेल हे या आकड्यावर ठरतं. १.४ आणि १.९ मधला वाद कागदावर अर्ध्याचा वाटतो, जमिनीवर तो साडेतीन आणि दोनचा असतो.

अर्धवर्तुळ

जमिनीचा विषय निघालाच आहे तर भर घालतो. ८४ गिगाज्यूल प्रति हेक्टर म्हणजे वर्षाच्या सरासरीने चौरस मीटरला ०.२७ वॅट. ऊन वर्षभराची रात्र-ढग धरून सरासरी १८० वॅट घेतलं तर ०.१५ टक्का. निव्वळ २४ घेतले तर ०.०८ वॅटही भरत नाही. जमिनीवर उभारलेल्या सौर पॅनेलच्या शेतातून, मधली मोकळी जागा धरूनही, ५ ते १० वॅट मिळतात. त्यावर इंजिन चाकापर्यंत इंधनाचा पाव हिस्सा पोचवतं आणि विजेची मोटर तीनपट तरी जास्त. गाडी चालवणं हाच हेतू असेल तर त्याच जमिनीवर पन्नासपट अंतर कापता येतं.

वनस्पतीला दोष नाही. मक्यासारख्या सी-४ पिकाची (सी-४ आणि सी-३ हे प्रकाशसंश्लेषणाचे दोन प्रकार) उन्हातली ऊर्जा साठवण्याची सैद्धांतिक मर्यादाच ६ टक्के आहे, गव्हासारख्या सी-३ ची ४.६. त्यात पीक वर्षातले चार-पाच महिनेच उभं असतं आणि आपण फक्त दाणा घेतो.

सांजसूर

पण विमानं विजेवर लांब जात नाहीत. तिथे तरी धान्याचं इथेनॉल हवंच ना?

शिफ्टइनचार्ज

सांजसूर, द्रव इंधनाची गरज तिथे खरी आहे, मान्य. पण इथेनॉल विमानात तसंच घालत नाहीत. आधी त्यातलं पाणी काढून इथिलीन करायचं, ते जोडून लांब साखळ्या करायच्या, मग हायड्रोजन द्यायचा. जेट इंधनाच्या लिटरमध्ये ३४ मेगाज्यूलच्या वर ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१, म्हणजे काहीही वाया न जाता १.६ लिटर इथेनॉल लागणारच, आणि वाया जाणारच. २४ गिगाज्यूलच्या उरल्यासुरल्या पुंजीतून हाही खर्च करायचा. काड किंवा टाकाऊ माल वापरून मार्ग निघावा असं मनापासून वाटतं, पण अमेरिकेत २०१४-१५ च्या सुमारास काडाच्या इथेनॉलचे जे मोठे कारखाने उभे राहिले ते काही वर्षांतच बंद पडले, त्यामुळे लवकर होईल असं मी म्हणणार नाही.

पायवाट, मुलांच्या प्रयोगाचं राहिलं. किलोभर मक्याचे दाणे रात्रभर भिजवा, निथळून वजन करा. विजेच्या छोट्या ओव्हनला प्लगमध्ये बसणारा युनिट मोजायचा मीटर लावा आणि मंद आचेवर सुकवत दर अर्ध्या तासाला वजन नि युनिट लिहून घ्या. उडालेल्या प्रत्येक किलो पाण्यामागे किती मेगाज्यूल गेले ते काढा (एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल). पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता किलोला २.२६. घरगुती ओव्हनमध्ये आकडा त्याच्या कितीतरी वर येईल, चांगल्या धान्य-ड्रायरलाही चार-पाच लागतात. सुरुवातीला वजन भराभर उतरेल, मग दाण्याच्या आतलं पाणी बाहेर यायला वेळ घेईल आणि तेवढ्याच युनिटांत कमी पाणी निघू लागेल. तो आलेख जिथे वाकतो तिथे मुलांना थांबायला सांगा आणि विचारा, इथून पुढचं पाणी काढायलाच हवं का? आम्ही ड्रायरवर रोज हाच निर्णय घ्यायचो.